पानाला भोक नको, पण फुलपाखरू हवं!

गेल्या पावसाळ्यात बोईसरच्या आमच्या सोसायटीत 'बटरफ्लाय गार्डन' झालं. पेंटास, लँटाना, इक्झोरा, झेंडू आणि मधोमध सेल्फीसाठी फायबरचं मोठं फुलपाखरू. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माळीकाकांनी कुंपणाकडेचा टाकळा मुळासकट उपटला आणि रुईचं झुडूप कोयत्याने तोडलं. मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, तण आहे ते. कमिटीने साफ करायला सांगितलंय."

माझ्या मते त्या दिवशी आमच्या आवारातली खरी फुलपाखरांची बाग साफ झाली.

फूल म्हणजे फुलपाखराचं हॉटेल. ते येतं, मध पितं, उडून जातं. पण मादीला अंडी घालायची असतात तेव्हा ती फुलं बघत नाही. ती पानावर बसते, पायांनी त्याची चव घेते आणि आपल्या अळीला चालणारं झाड असेल तरच अंडं ठेवते. ही निवड फार काटेकोर असते. प्लेन टायगरला रुईसारखी चिकाची झाडं लागतात. टाकळ्यावर छोटी पिवळी ग्रास यलो वाढतात. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, आंब्यावर कॉमन बॅरन, तर कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन. म्हणजे टाकळा आणि रुई हे बाळंतपणाचं माहेर. आम्ही माहेर पाडलं, हॉटेल बांधलं आणि आता पाहुणे मुक्कामाला का राहत नाहीत, असं विचारतोय.

महाराष्ट्राने 2015 साली राणी पाकोळीला, म्हणजे ब्लू मॉरमॉनला, राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. अभिमानाची गोष्ट आहे. पण या राणीची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते, आणि लिंबाचं पान कुरतडलेलं दिसलं की आपण फवारणीचा पंप काढतो. स्टेटसला राणीचा फोटो आणि हातात औषध!

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही. काही वर्षांपूर्वी गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. मी त्या एकेक करून चपलेखाली चिरडल्या. फोडणीपुरती पानं वाचली. त्या कॉमन मॉरमॉनच्या अळ्या होत्या, हे पुढे कळलं. लहानपणीचं ते रूप फसवं असतं, मोठी झाल्यावर अळी हिरवी होते. दोन-तीन आठवडे धीर धरला असता, तर त्यांची फुलपाखरं झाली असती.

"पण अळ्यांनी खाज येते," असं मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं. शेवग्यावर झुबक्याने बसणारे केसाळ सुरवंट सगळ्यांनी पाहिलेत, त्यांचीच ही भीती. पण ते पतंगाचे सुरवंट. लिंबावरची, टाकळ्यावरची, रुईवरची अळी अंगाला खाजवत नाही. काळजी घ्यायची ती रुईच्या चिकाची, तो डोळ्यांत जाता कामा नये. म्हणून रुई मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, कुंपणाला लावायची. शनिवारी मारुतीला जिची माळ चालते, ती आवारात का चालू नये?

मी परदेशी झाडांच्या विरोधात नाही. पावसाळ्यात फुलपाखरांची गर्दी खेचणारी आपली एकदांडीही मूळची अमेरिकेतली. पेंटास राहू दे. माझं भांडण जोडीशी आहे. प्रत्येक फुलझाडाला अळीच्या झाडाची जोड द्या. पुढे उन्हात पेंटास, मागे कागदी लिंबू आणि कढीपत्ता. म्हणजे कुरतडलेली पानं कोणाच्या डोळ्यांवरही येणार नाहीत. कडेला टाकळ्याचा हातभर पट्टा. एखादा खुळखुळा लावा, टायगर जातीचे नर त्यातला रस शोषायला येतात, मादीला भुलवणारा गंध बनवण्यासाठी त्यांना तो लागतो. एका कोपऱ्यात माती ओली ठेवा, नर तिथे क्षार प्यायला बसतात. आणि फवारणी बंद. ही शेवटची अट पाळायची नसेल, तर आधीचं काहीच लावू नका. अंडी घालायला बोलावून विष घालणं हा दगा आहे.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या ओवळेकर वाडीत अळीची झाडं आणि मधाची झाडं एकत्र लावली आहेत. एकदा जाऊन बघा.

पालघर जिल्ह्यात सध्या बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा नवा मार्ग, वाढवणचं बंदर, सगळं एकाच वेळी चालू आहे. आमच्या बाजूला तारापूर एमआयडीसी आहेच. या सगळ्यात किती माळरान उरेल, हे माझ्या गॅलरीतून ठरत नाही. कुंपणाकडेची दोन फूट जमीन मात्र आपल्या मीटिंगमध्ये ठरते.

पहिल्या पावसानंतर बाजारात आदिवासी मावश्या टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. आपण भाव करून त्या विकत घेतो आणि घरी येऊन तोच टाकळा तण म्हणून उपटायला लावतो. यंदा माळीकाकांना कमिटीच्या आधी मी गाठणार आहे. तुमच्याकडे कोण गाठतंय?