यंत्र आहे, मग पाढे कशाला?

मंडळी, हल्लीचे आईवडील विचारतात, हिशेब यंत्र करतं, मग पोरांकडून पाढे कशाला घोकून घ्यायचे? माझं उत्तर विमानाच्या हिशेबात आहे.

काही धावपट्ट्यांवर उतरताना वैमानिकाला रेडिओवरून दिशा कळते, पण किती उतारानं खाली यायचं ते कळत नाही. तो उतार आकडेमोडीनं सांभाळायचा. सर्वसाधारण उतार ३ अंशांचा. म्हणजे एका सागरी मैलाला, ६,०७६ फुटांना, सुमारे ३१८ फूट खाली. तोंडी हिशेबाला ३०० धरतात. मिनिटाला किती फूट उतरायचं? जमिनीच्या हिशेबानं वेग किती नॉट ते बघा आणि पाचानं गुणा. १४० नॉट असेल तर ७०० फूट. झालं!

२० जानेवारी १९९२. एअर इंटर कंपनीचं ए-३२० विमान रात्री ल्योंहून फ्रान्समधल्याच स्ट्रासबुर्गला अशा पद्धतीनं उतरत होतं. उतार हवा होता ३.३ अंश. चौकशीत जी शक्यता सबळ ठरली ती अशी: आकडा कोनाचा म्हणून लावला, पण यंत्र वेगाच्या पद्धतीवर होतं. त्यानं ३३ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट असं घेतलं. खरी गरज हजाराच्या आतली! विमान डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ माणसं गेली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र त्या विमानात नव्हतंच.

दोष एकट्या वैमानिकांचा, असं मी म्हणणार नाही. दोन्ही आकडे दिसायला सारखे होते. पुढे वेगाचा आकडा चार अंकी दाखवू लागले, ते योग्यच झालं. पण उलटा ताळा करून बघा. ३,३०० भागिले ५ म्हणजे ६६० नॉट. उतरणाऱ्या विमानाचा एवढा वेग असतो का कधी?

अडचण एवढीच, की त्या घाईत विचार करायला सवड नसते. ताळा आपोआप, सवयीनं व्हावा लागतो. बँकेत कॉम्प्युटर आल्यावरही जुनी माणसं बेरजेवर नुसती नजर टाकून म्हणत, "एक शून्य जास्त आहे हो!" ती नजर पावकी-दिडकीच्या पाठांतरातून आलेली.

यंत्र गुणाकार अचूकच करतं. पण त्याला सांगितलेले रुपये होते की पैसे, हे माणसालाच कळायला हवं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कॅल्क्युलेटर खुशाल द्या, पण तीसपर्यंतचे पाढे आधी पाठ करून घ्या. तुम्हाला काय वाटतं?