कंपनी बुडते, हप्ता बुडत नाही
अडचणीत आलेली मोटार कंपनी घसघशीत सूट जाहीर करते, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही हिशेब सुरू होतात. माझं मत सरळ आहे. ती सूट म्हणजे मेहेरबानी नव्हे, आपण अंगावर घेणार असलेल्या जोखमीची ती किंमत आहे.

वॉरंटी म्हणजे अखेर एक वचन. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर डबघाईला आल्या, तेव्हा गिऱ्हाइकांचा भरवसा टिकावा म्हणून त्यांच्या वॉरंटीची हमी खुद्द अमेरिकन सरकारने घेतली. आपल्याकडे देवू बुडाली, तेव्हा असा जामीन कुणी राहिला नाही. २००२ मध्ये जनरल मोटर्सने कोरियातली देवू घेतली, पण भारतातला कारखाना त्या सौद्यात नव्हता. सिएलो आणि मॅटिझवाले वाऱ्यावर राहिले.

अशी गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पैसे रोख असतील, सुटे भाग बाजारात सहज मिळत असतील आणि तालुक्याचा मेकॅनिक तिला हात लावायला तयार असेल, तर खुशाल घ्या. पण सात वर्षांचं कर्ज काढून नको. शोरूमला कुलूप लागलं, तरी बँकेचा हप्ता पगारातून कापला जातच राहतो.