मुंबईची हद्द : निसर्गाची की माणसाची?

खंडे, देश आणि नगरे यांच्या सीमा निसर्गाने आखून ठेवलेल्या असतात, माणसाने त्या केवळ ओळखून नकाशावर उतरवायच्या असतात, हा समज सुशिक्षितांतही इतका दृढमूल आहे की, मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवू पाहणाऱ्यांना तो आयताच उपयोगी पडला. मुंबई मुळात बेट, ती महाराष्ट्राचा भाग कधी नव्हती, मराठी साम्राज्यातही नव्हती, सबब तिच्यावर महाराष्ट्राचा हक्क पोचत नाही, असा हा पूर्वपक्ष. आणि 1956 च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या अंमलाखाली ठेवण्याची घोषणा झाली तेव्हा आपली सरशी झाली असे त्याच्या पुरस्कर्त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

या पक्षाचा पाया किती भुसभुशीत आहे हे खंडांच्याच उदाहरणावरून दिसते. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही. प्राचीन भूगोलवेत्ते डॉन नदीला त्यांची सीमा मानीत. पुढे अठराव्या शतकात, आपण युरोपीय आहोत हे ठसविण्याची निकड रशियाला भासू लागल्यावर, तातीश्चेव्हसारख्या विद्वानांनी ती सीमा उरल पर्वतावर नेऊन ठेवली. नदी आणि पर्वत होते तेथेच राहिले. बदलली ती राज्यकर्त्यांची गरज.

हाच प्रकार आपल्या दारातही घडला आहे. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या राजघराण्यांतील 1661 च्या विवाहाच्या तहाने मुंबई इंग्रजांना मिळाली खरी, पण मुंबई म्हणजे नेमका किती मुलूख, याचा वाद मागे राहिला. 1665 मध्ये ताबा घेतल्यावर इंग्रज अधिकारी हम्फ्रे कुकने शेजारच्या माहीमवरही हात टाकला आणि ओहोटीच्या वेळी एका बेटावरून दुसऱ्यावर पायी जाता येते, अशी मखलाशी केली. त्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने आपल्या राजाकडे तक्रार केली की, हा न्याय एकदा मान्य केला तर मुंबईवरून साष्टी आणि साष्टीवरून पुढचा मुलूख असे करीत उत्तरेकडील काहीच आपल्या हाती उरणार नाही. भरतीला पोर्तुगीजांचा पक्ष खरा आणि ओहोटीला इंग्रजांचा, अशा त्या बेटांमधल्या खाडीला पंच नेमून सरहद्द कशी ठरावी? पुढे वरळीची खिंड बुजली, 1845 मध्ये माहीमचा बांधरस्ता झाला, 1950 आणि 1957 च्या विस्तारांनी महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. ज्या बेटपणावर पूर्वपक्षाची सारी भिस्त, ते बेटपण माणसांनीच भराव घालून केव्हाच निकालात काढले होते.

इतिहासाच्या आक्षेपाला परळच्या चाळीत वाढलेल्या आणि दादरला घर बांधलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्येच उत्तर दिले होते. भाषिक प्रांत आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखविले की, मराठ्यांनी एखादे बंदर जिंकले नाही एवढ्याने दमण ते कारवार या मराठी मुलखातील मुंबईचे स्थान बदलत नाही. तथापि, केवळ स्थानावर विसंबणेही पुरेसे नाही, हे माहीमच्या तंट्याने शिकविले आहे. भूगोल साक्ष देतो, निवाडा करीत नाही.

मग प्रतिपक्षी विचारील, सर्वच सीमा मानवनिर्मित असतील तर महाराष्ट्राचा दावा तरी अधिक खरा कशावरून? उत्तर असे की, मानवनिर्मित म्हणजे मनमानी नव्हे. ज्या सीमेच्या आत माणसांचे जगणे एकमेकांत गुंतलेले असते ती न्याय्य, आणि जी तो गुंता तोडते ती अन्याय्य. मुंबईच्या नळांना 1892 पासून तानसाचे पाणी आहे, गिरण्यांना 1915 पासून खोपोलीची वीज मिळू लागली. लालबाग-परळच्या गाळ्यांत एकाच गावचे चाकरमानी राहत. भिंतीलगत त्यांच्या ट्रंका, रात्रपाळीचा गडी परतला की दिवसपाळीवाल्याने रिकाम्या केलेल्या जागेवर तो पथारी टाकी, आणि पगार झाला की रत्नागिरी-साताऱ्याकडे मनिऑर्डरी सुटत. या माणसाची एक चूल शहरात आणि दुसरी गावात. सरहद्द आखायची ती कोणत्या चुलीवरून?

हेच माप आपल्यालाही लावले पाहिजे. माहीम-शीवेपलीकडे खरी मुंबई नाही, असे गिरगावात नि दादरला अजून ऐटीने म्हणणारे लोक त्या पूर्वपक्षाच्याच पंक्तीला बसतात. कारण गिरगाव स्वतः एके काळी कोटाबाहेरचे होते आणि परळ तर वेगळे बेटच होते. 1 मे 1960 रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली ती ज्या न्यायाने, त्याच न्यायाने रोज पहाटे विरार-कल्याणहून येऊन हे शहर चालविणारा माणूसही मुंबईकर ठरतो, आणि त्याच्या निवाऱ्याची नि प्रवासाची जबाबदारी या शहरावर येते.