इनबॉक्समध्ये सामसूम

गेल्या महिन्यात सलग चार दिवस मला एकही मेल आला नाही.

पहिल्या दिवशी मी जाम खूश होते. जानेवारीत मोठ्या निश्चयानं फोनमधून मेल काढून टाकला होता. मेल बघायचा तो लॅपटॉपवर, मेलच्या प्रोग्राममध्ये, कामाच्या वेळेत. बस्स! रात्री साडेअकराला गादीवर लोळत इनबॉक्स चाळणाऱ्यांना या निश्चयाची किंमत कळेल. त्यामुळे मंगळवारी सकाळी इनबॉक्स चकाचक दिसला तेव्हा वाटलं, आपला डिटॉक्सचा फंडा वर्क होतोय. बुधवारी वाटलं, लोक बिझी असतील. गुरुवारी मात्र पोटात गोळा यायला लागला.

कारण सोमवारी मी मुंबईला जाऊन एका संपादक मॅडमना भेटून आले होते. एका मोठ्या स्टोरीची आयडिया घेऊन गेले होते. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. उद्या सकाळी मेल करते." आता फ्रीलान्सरच्या आयुष्यात 'मेल करते' या दोन शब्दांवर अख्ख्या महिन्याचं भाडं उभं असतं, हे कोथरूडच्या आमच्या घरमालक काकांना कोण समजावणार?

गुरुवार रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात पूर्ण सिनेमा तयार झाला होता. मॅडमना आयडिया आवडलीच नव्हती, तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून 'छान' म्हणाल्या. किंवा त्याहून वाईट, आयडिया आवडली आणि दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकली. साडेबारा वाजता मी त्यांना एक मेल लिहिला. त्यात 'प्रोफेशनल कर्टसी' हे शब्द दोनदा होते. शेवटचं वाक्य इथे सांगण्यासारखं नाही. सेंड दाबलं, लॅपटॉप मिटला आणि मस्तपैकी झोपले.

शुक्रवारी दुपारी साडेचारला फोन वाजला. मॅडम!

"अगं, आहेस कुठे तू? तीन मेल टाकले तुला. स्टोरी करायची नाहीये का? दुसऱ्या कुणाला देऊ? आणि मागच्या दोन लेखांचं इन्व्हॉइस आज सहाच्या आत दे बाई, नाहीतर अकाउंट्सवाले पुढच्या महिन्यावर ढकलतील."

आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणजे माझा रात्रीचा मेल त्यांनी वाचलाच नव्हता. "मॅडम, करायचीये, नक्की करायचीये, मेलला काहीतरी प्रॉब्लेम आहे, पाठवतेच," असं एका श्वासात बोलून मी फोन ठेवला आणि लॅपटॉपवर तुटून पडले. राउटर बंद-चालू केला. लॅपटॉप रीस्टार्ट केला. अँटिव्हायरस बंद केला. तरी इनबॉक्स तसाच, ढिम्म. शेवटी ठरवलं की प्रोग्राममधून अकाउंटच उडवायचं आणि नव्यानं टाकायचं.

"थांब! माउस सोड आधी," मागून आवाज आला. माझी रूममेट हिंजवडीतल्या एका कंपनीत टेक सपोर्टला आहे आणि शुक्रवारी घरून काम करते. दिवसभर लोकांचे असले प्रॉब्लेम सोडवून तिचा आवाज डॉक्टरांसारखा थंड झालाय.

"चार दिवसांत बँकेचा मेल आला?"

"नाही."

"सेलचा? पर्सनल लोनचा?"

"नाही गं."

"मॅडम रुसल्या असतील एक वेळ. पर्सनल लोनवाले कधी कुणावर रुसतात का?"

मी गप्प. हे मला चार दिवसांत सुचलं नव्हतं. एक माणूस गप्प असेल तर तो त्या माणसाचा प्रश्न असू शकतो. पण सगळं जगच एकदम गप्प झालं असेल तर आपल्याच कानात बोळा असणार.

तिनं ब्राउझर उघडला आणि माझं तेच अकाउंट वेबमेलवरून उघडायला लावलं. न वाचलेले मेल, एक्केचाळीस. वरच मॅडमचे तीन. "मेल सर्व्हरवर पोचलेत. तुझ्या प्रोग्रामनं ते आणलेच नाहीत," ती म्हणाली आणि खिडकीच्या अगदी खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे एक इवलंसं चिन्ह होतं. त्यावर माउस नेल्यावर दोन शब्द दिसले, 'वर्क ऑफलाइन'.

आणि मला सोमवारची डेक्कन क्वीन आठवली. येताना गाडीत लॅपटॉप उघडून बसले होते. कर्जत सोडलं, घाट सुरू झाला, बोगद्यामागून बोगदा, नेटवर्क गायब. दर थोड्या वेळानं 'सर्व्हर सापडत नाही' अशी खिडकी उघडायची. वैतागून मी मेन्यूमध्ये जाऊन प्रोग्रामला ऑफलाइन करून टाकलं होतं. लोणावळ्याला नेटवर्क आलं, पण माझ्या प्रोग्रामला सांगितलं होतं गप्प बस, तर तो चार दिवस आज्ञाधारकपणे गप्प बसला. रीस्टार्ट केल्यावरही ते लक्षात ठेवून बसला. प्रोग्रामचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच.

मी ऑनलाइनवर क्लिक करायला गेले तर रूममेटनं पुन्हा हात धरला. "आधी आउटबॉक्स बघ." बघितलं. तिथे गुरुवार रात्रीचा तो मेल, 'प्रोफेशनल कर्टसी'सकट, निघायच्या तयारीत बसला होता. ऑफलाइन असताना दाबलेलं सेंड म्हणजे फक्त रांगेत उभं राहणं. ऑनलाइन झाल्याबरोबर काही प्रोग्राम विचारतात, बाकीचे मेल पाठवू का? काही न विचारताच पाठवून मोकळे होतात. मी तो मेल उडवला. इतक्या मनापासून मी आयुष्यात काहीच डिलीट केलेलं नाही. मग ऑनलाइन झाले, धडाधड मेल उतरले आणि इन्व्हॉइस पाच पंचवीसला गेलं. स्टोरीही मिळाली.

नंतर चहा पिताना तिनं मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण ऑफिसात दर दुसऱ्या टेबलावर ही वेळ येते.

मेल पोस्टमनसारखा दारात येत नाही. पोस्ट बॉक्स नंबर घेतल्यासारखं असतं ते. पत्र पोस्टात जमा होतं, आपला माणूस जाऊन विचारतो, "आलंय का काही?" आपला माणूस म्हणजे हा मेल प्रोग्राम. विचारण्याची 'पॉप' ही पद्धत थेट १९८४ सालची आहे. 'आयमॅप'मध्ये १९९७ साली एक सोय आली की फोन चालू ठेवल्यासारखी लाइन धरून बसायचं आणि नवीन मेल आला की सर्व्हर लगेच सांगणार. पण माणूस पोस्टात गेलाच नाही किंवा ती लाइन तुटली तर? स्क्रीनवर फरक शून्य. 'मेल नाही' आणि 'विचारलंच नाही' ही दोन्ही उत्तरं अगदी सारखी दिसतात. खरी गोची ही आहे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथेही मेल नसतील तर तुमच्या प्रोग्रामला उगाच शिव्या घालू नका. मेलबॉक्स भरला असेल. गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते. गोव्याच्या ट्रिपचे व्हिडिओ तिथे साठवले की बॉसचा मेल परत जाऊ शकतो.

वेबमेलवर मेल आहेत आणि प्रोग्राममध्ये नाहीत? मग 'वर्क ऑफलाइन' बघा. थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात चिन्ह असतं. क्लासिक आउटलुकमध्ये 'सेंड रिसीव्ह' टॅबवर बटण असतं. पण ऑनलाइन होण्याआधी आउटबॉक्स उघडा. हे मी अनुभवानं सांगतेय.

मग वेळ तपासा. थंडरबर्ड मुळात दर १० मिनिटांनी नवे मेल बघतो, क्लासिक आउटलुकचं स्वयंचलित सेंड-रिसीव्ह मुळात ३० मिनिटांवर असतं. सेटिंगमधली ती टिक कधी चुकून निघाली असेल तर प्रोग्राम आपणहून विचारायला जाणारच नाही. आउटलुकमध्ये एफ-९ दाबलं की तो लगेच जातो. हातानं मेल येतात आणि आपोआप येत नाहीत, असं असेल तर दोष या टिकेचाच धरा.

हातानंही येत नसतील तर पासवर्ड. वेबवर पासवर्ड बदललात आणि प्रोग्रामला सांगितलं नाहीत तर तो जुनीच किल्ली घेऊन कुलूप खडखडवत बसतो. शिवाय गूगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी आणि मायक्रोसॉफ्टनं १६ सप्टेंबर २०२४ पासून आउटलुक डॉट कॉमसाठी नुसतं नाव आणि नेहमीचा पासवर्ड देऊन आत शिरणाऱ्या प्रोग्रामना दार बंद केलं. तुमचा प्रोग्राम फारच जुना असेल तर अपडेट करा आणि त्यातूनच नव्यानं साइन-इन करा.

पॉप वापरत असाल तर आणखी एक गंमत. पॉपमध्ये एका वेळी एकच जण पेटी उघडतो. ऑफिसचा पीसी पेटी उघडून अडकला असेल तर घरचा लॅपटॉप बाहेर ताटकळतो. एक बंद करा, थोडं थांबा, पुन्हा बघा.

आणि काहीही झालं तरी घाईघाईत अकाउंट डिलीट करू नका. पॉपनं उतरवलेले जुने मेल बऱ्याचदा सर्व्हरवर राहिलेलेच नसतात, फक्त तुमच्या मशीनवर असतात. मी शुक्रवारी सहा वर्षांचे मेल उडवायला निघाले होते, हे चहाचा दुसरा घोट घेताना कळलं. ठसका लागला.

त्या एक्केचाळीस मेलमध्ये एक मेल बंगळुरूच्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा होता. दोन वर्षांपूर्वी आमचं एका फालतू कारणावरून वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. 'मंगळवार-बुधवार पुण्यात आहे. जमलं तर भेटूया. नसेल जमत तरी ठीक.' मेल सोमवारी रात्रीचा. म्हणजे मी गुरुवारी मॅडमच्या नावानं जो सिनेमा काढत होते, तोच ती माझ्या नावानं काढत परत गेली असणार.

तिला मेल लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. नंबर अजून पाठ होता. "चार दिवस ऑफलाइन होते गं," मी म्हटलं. ती आधी गप्प, मग म्हणाली, "याहून बरं कारण नाही सुचलं?" मग तिला घाट, बोगदे, आउटबॉक्स सगळं सांगितलं. 'प्रोफेशनल कर्टसी'ला ती जी हसत सुटली, ते आम्ही तासभर बोलत होतो.

फोनमध्ये मेल अजूनही परत घेतलेला नाही. पण आता दर सोमवारी सकाळी मी स्वतःलाच एक मेल टाकते. विषय 'आहेस ना?' तो पाच मिनिटांत आला की बरं वाटतं. तुम्हीही आज एक टाकून बघा. नाही आला, तर कुणावर चिडण्याआधी खालचा डावा कोपरा बघा!