मी उजेडासाठी अर्ज लिहिला होता

प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या स्वागत समारंभाला आलेले पाहुणे म्हणाले, "तुम्ही खेड्यापाड्यांतली मुले अंधारातून उजेडाकडे आला आहात." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे ते वाक्य माझ्यासाठीच आहे असे मला वाटले. आज दोन वर्षांनी त्या वाक्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे. पाहुण्यांचा अनादर म्हणून नव्हे. अंधार हा शब्द आपण शिकलेली माणसे किती सहज शिवीसारखा वापरतो, ते अलीकडे मला खटकू लागले आहे, म्हणून.

माझे गाव रामटेकच्या बाजूला आहे. घरची शेती थोडी, धान आणि रब्बीत हरभरा. रानडुकरे पीक ठेवत नाहीत म्हणून हरभरा घाट्यावर आला की जागलीला जावे लागते. लहानपणी मी आबाजींबरोबर जात असे. आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. मळ्यात चार खांबांचा मचाण, खाली शेकोटी, वर घोंगडी. आबाजींजवळ घड्याळ नव्हते आणि त्यांना ते नकोही होते. मध्यरात्री कधी जाग आली आणि मी विचारले, "आबाजी, किती वाजले?" तर ते म्हणत, "मले काय इचारतं? वर पाय ना."

वर तिफन असे. ज्याला आपण पुस्तकात मृग नक्षत्र म्हणतो, त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे आहेत. आबाजींच्या लेखी ते तिफनीचे तीन फण. पौषात ही तिफन रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर येते आणि पहाटे चार-साडेचारला पश्चिमेला टेकते. आठवड्याआड शेतीला रात्रीची लाईन असली की आबाजी वडिलांना हाक मारीत, "तिफन टेकली रे बापा, पाणी बदलव." सप्तर्षी म्हणजे त्यांच्यासाठी बाज, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. कृत्तिकांचा पुंजका दिसतो की नाही यावरून ते उद्या धुके पडेल का ते सांगत. ते नेहमीच खरे ठरे असे नाही. पण घड्याळ मात्र कधी चुकले नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगतो. ज्येष्ठात शेतात तिफन चालते, पेरणी होते, तेव्हा आकाशात ती तीन ताऱ्यांची तिफन दिसत नाही. आबाजी म्हणत, "ते खाली उतरली ना वावरात. आता वर कशी दिसन?" मी ही आजोबांची गंमत समजत होतो. भूगोलाच्या वर्गात कळले की दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, म्हणून 'मृग लागला' असे म्हणतात, आणि सूर्य तिथे असल्यामुळेच ते तारे त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबर मावळतात. म्हणजे मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृग दिसत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने ही गोष्ट बरोबर हेरली होती आणि तिला आपल्या औताचे नाव दिले होते. आपण सगळे 'मृगाचा पाऊस', 'आर्द्रा कोरडी गेली' असे बोलतो. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी मृग नक्षत्र बोट दाखवून सांगणारे किती निघतील? मी एकदा विचारून पाहिले. तीन निघाले, त्यांतला एक चुकला.

आता अर्जाकडे येतो.

२०२२ साली, मी अकरावीत असताना, आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर हायमास्ट दिवा बसावा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज गेला. तो अर्ज मी लिहिला. "लिहून दे ना बाप्पा, तू त शिकून राहिला," असे चार बाया आणि दोन म्हातारे घरी येऊन म्हणाले. कारणे खरी होती. आदल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका पोराला अंगणात मण्यार चावला होता. पोरगा वाचला, पण त्या रात्रीपासून सगळ्यांच्या मनात अंधार बसला. संध्याकाळच्या बसने येणाऱ्या मुलींना फाट्यापासून घरापर्यंत काळोखातून चालावे लागे. मी चांगल्या अक्षरात, 'सविनय' पासून 'आपला नम्र' पर्यंत, कागद भरला. दिवा मंजूर झाला. गावभर माझे कौतुक झाले. आयुष्यात लिहिलेल्या मजकुराचा काही परिणाम होतो, हे मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

दहा-बारा मीटर उंचीच्या खांबावर चारी दिशांना तोंड केलेले पांढरेशुभ्र एलईडी. पहिल्या रात्री पोरे त्याखाली बारापर्यंत कबड्डी खेळली.

त्याच हिवाळ्यात आबाजींच्या डोळ्याचा मोतिबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर चार-आठ दिवसांनी रात्री ते अंगणात खाटेवर पडले होते. बराच वेळ वर बघत होते. मग मला म्हणाले, "डॉक्टरनं डोळा बिघडवला माह्या. तारेच नाही दिसून राहिले." वडिलांनी त्यांना पुन्हा तपासायला नेले. डोळा उत्तम होता. पेपरातले बारीक अक्षर त्यांना ओळखू येत होते, वाचता येत नव्हते इतकेच. डॉक्टरांचा काही दोष नव्हता. दोष माझ्या अर्जाचा होता, आणि हे मला तेव्हा कळलेसुद्धा नाही. मीही म्हणालो, "वय झालं आबाजी."

ते कळले जानेवारी २०२५ मध्ये. आमच्या भूगोल विभागाची सहल पेंचकडे सिल्लारीला मुक्कामी गेली होती. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, हे आपणांपैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. ही मान्यता देणारी डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था १९८८ साली अमेरिकेत स्थापन झाली. मान्यता मिळण्याआधी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. लक्षात घ्या, दिवे काढले नाहीत, वळवले.

अमावस्येच्या जवळची रात्र होती. सरांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, कारण डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झळकीने ती मोडते. पहिली दहा मिनिटे मुलांची कुजबूज आणि हसणे चालू होते. नंतर ते आपोआप थांबले. पश्चिमेला शुक्र इतका ठळक, की एकाला ते विमान वाटले. रोहिणीजवळ गुरू, पुनर्वसूजवळ तांबूस मंगळ. देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका सरांनी दाखवला. तिच्यापासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला सुमारे २५ लाख वर्षे लागतात, आणि तो ठिपका दुर्बिणीशिवाय दिसतो. नागपूरचा एक मित्र माझा हात घट्ट धरून म्हणाला, "हे रोज असतं काय बे इथं?"

आणि डोक्यावर तिफन होती. चुकीचे लिहितो. तिफन शहरातूनही दिसते, ते तारे ठळकच आहेत. पण इथे ती एकटी नव्हती. तिच्या खाली, बाजूला, मधल्या फटींत असंख्य बारीक तारे होते, आणि लहानपणी मचाणावरून पाहिलेले आकाश असेच होते हे मला एकदम आठवले. माझ्या गावापासून काही तासांवर, वर्गणी काढून, बस करून, मी माझ्याच अंगणातली वस्तू पाहायला आलो होतो.

आल्यावर मी ग्रंथालयात आणि सरांकडे मिळेल ते वाचले. पुरेशा अंधाऱ्या जागी एका वेळी नुसत्या डोळ्यांना अडीच-तीन हजार तारे दिसतात. शहरात मोजून पन्नास दिसले तरी पुष्कळ. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात हजारो हौशी निरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून असे निघाले की रात्रीच्या आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढत होता. अभ्यासकांनी उदाहरण दिले आहे ते असे: मूल जन्मले तेव्हा जिथे २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत १०० उरतील. नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत हे खरे. पण मी एकोणीस वर्षांचा आहे, आणि मला ते उदाहरण माझ्याच वयाचे वाटले.

यावर माझ्या खोलीवरच्या मित्राने जो आक्षेप घेतला तो मला टाळायचा नाही. तो म्हणाला, "पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे. आपल्या गावांना सत्तर वर्षांनी लाईट मिळाली, आता शहरवाले येऊन सांगणार, अंधार जपा, आम्हाला तारे बघायचे आहेत." हा आक्षेप चुकीचा नाही. गाव अंधारात ठेवून शहरातल्या हौशींसाठी त्याचे प्रदर्शन मांडायचे असेल, तर मी मित्राच्या बाजूने आहे. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: तारे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आमच्या घरात ती चैन कधीच नव्हती, पाणी बदलण्याची वेळ होती. जे आमच्या कामाचे होते ते गेले, आणि गेले हे कुणाला कळलेही नाही, कारण जे गेले त्याला किंमत आहे असे कुणी आम्हाला सांगितले नव्हते. उलट अंधारातून बाहेर पडलात म्हणून अभिनंदन केले!

शिवाय उजेड की तारे असा हा झगडा मुळात नाहीच. आमच्या हायमास्टचा किती उजेड रस्त्यावर पडतो? बराचसा आडवा धावतो, वर जातो, हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरतो. पांढऱ्या दिव्यातला निळसर भाग हवेत अधिक विखुरतो, म्हणून पिवळसर दिवा बरा. झाकण घालून तोंड खाली केले तर कमी विजेत तोच रस्ता अधिक चांगला दिसतो, कारण डोळ्यांत तिरीप येत नाही. मण्यार जमिनीवर असतो, आकाशात नाही. शेवटची बस येऊन गेली की निम्मे दिवे बंद करता येतील. लडाखमध्ये हानलेला, जिथे भारतीय खगोलीय वेधशाळा आहे, २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले. तिथे गावातल्याच लोकांना दुर्बिणी देऊन, शिकवून, पाहुण्यांना तारे दाखवण्याचे काम दिले आहे. मला हे फार योग्य वाटते. आकाश ज्यांच्या अंगणावर आहे त्यांनीच ते दाखवावे.

आणि जाता जाता एक घरचा आहेर. आपल्या कॉलेजच्या मैदानावरचे झोतदिवे पहाटेपर्यंत कुणासाठी चालू असतात? मी दोनदा रात्री अकरानंतर जाऊन पाहिले. एक कुत्रे झोपले होते. तेही उजेडाकडे पाठ करून.

दिवाळीच्या सुटीत मी गावी दुसरा अर्ज लिहिला. दिव्यांना झाकण घालावे, तोंड खाली करावे, रात्री दहानंतर दोनच दिवे ठेवावेत. लोक हसले. "पहिले म्हणे दिवा लावा, आता म्हणे झाका. शिकून पागल झाला काय?" मला राग आला नाही, कारण त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. सह्या चार झाल्या. पाचवा आबाजींचा अंगठा. त्यांना मी डोळ्याची खरी गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मंग डॉक्टर चांगला होता म्हणा."

मायने मात्र सही केली नाही. ती सही करायला शिकली आहे, मीच शिकवली. तिने अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "यात आमच्या गोठ्यापासून हापशीपर्यंतचा उजेड जाते काय?" मी म्हणालो, बहुधा नाही. ती म्हणाली, "बहुधा नोको. पहाटे चारले मी जातो पाण्याले, तू नाही जात. ते पक्कं लिही, मंग करतो."

तिचे बरोबर आहे. हापशीजवळ एक छोटा, झाकणाचा दिवा वेगळा मागावा लागेल. अर्ज मी परत लिहायला घेतला आहे.