घरकामाची वही



मी कारकून आहे. दिवसभर कार्यालयात दुसऱ्यांच्या नोंदी तपासते. एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही. अशा माझ्या स्वतःच्या घराच्या हिशेबात मागच्या वर्षी जुलै महिन्यात मोठी चूक निघाली. ती मला सापडली नाही. ती मुलीच्या वर्गशिक्षिकेने दाखवून दिली.

माझी मधली मुलगी तेव्हा नववीत होती. बाईंनी शाळेत बोलावून घेतले. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पण तिसऱ्या तासाला डुलक्या घेते. खेळाच्या तासाला बसून राहते. एकदा रक्त तपासून घ्या." तपासले तर हिमोग्लोबिन ८.९ निघाले. बारा तरी हवे होते.

डॉक्टरबाईंनी विचारले, "ही कधी झोपते? कधी उठते? जेवते कधी?" मी आई, पण मला उत्तर देता येईना. मी सातची लोकल धरून जाते ती संध्याकाळी सात-साडेसातला अंबरनाथला परत उतरते. मग मुलीनेच सांगितले. पाच वाजता उठते, पाणी भरते, चपात्यांना हात लावते. रात्री भांडी घासून अकराला झोपते. आणि जेवणाचे विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "सगळ्यांचं झालं की खाते."

हे वाक्य मी तिला कधी शिकवले नव्हते. पण रोज तिच्यासमोर मी तेच तर करत होते!

दर वर्षी ८ मार्चला मी वस्तीत स्त्री-पुरुष समानतेवर भाषण करते. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी होऊ नये. हे मी कितीतरी वेळा बायकांना सांगितले आहे. आणि माझ्याच घरात सोळा वर्षांचा मुलगा ताटाची वाट बघत बसतो आणि चौदा वर्षांची मुलगी ताट वाढते. तिला कामाला मीच लावले होते, दुसऱ्या कोणी नाही. मी घरी नसते, तर माझे काम कोणी करायचे? मुलीने! दुसरा विचार माझ्याही मनात आला नव्हता.

त्या रात्री मी एक शंभर पानी वही काढली. कारकुनाला दुसरे काय सुचणार? आठ दिवस, घरात कोणी कोणते काम किती मिनिटे केले ते लिहिले. केर, पाणी, स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजार, धाकटीची वेणी-फणी, शिवण, सगळे. आठ दिवसांची सरासरी काढली. मी रोज ३१० मिनिटे. मुलगी १६०. नवरा २०. मुलगा १५. एकूण ५०५ मिनिटे आणि त्यांतली ४७० आम्हा मायलेकींची. म्हणजे शंभरातली त्र्याण्णव.

कोणी म्हणेल, हे तुमच्याच घरचे. तसे नाही. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर, माणसे आपला वेळ कशी घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घरकाम करते आणि करणारा पुरुष ८८ मिनिटे, असे त्यात निघाले. त्यातही घरकामाला मुळीच हात न लावणारे पुरुष पुष्कळ, ते या ८८ मध्ये धरलेले नाहीत.

वही मी जेवणाच्या वेळी सर्वांसमोर वाचली. मुलगा गप्प बसला. यांना राग आला. म्हणाले, "मी कारखान्यात आठ तास उभा असतो, ते कुठे लिहिलंस?" बरोबर होते. मग दुसऱ्या पानावर तेही लिहिले. त्यांचे कारखान्याचे आठ तास, माझे कार्यालयाचे आठ तास आणि मुलांची शाळा-कॉलेज. सगळ्यांचे बाहेरचे काम मिळवले तरी घरकामाच्या पानावरचा फरक मिटला नाही.

ते म्हणाले, "पुरुषाने भांडी घासली तर चाळ काय म्हणेल?" मी म्हटले, "अहो, हॉटेलातला आचारी पुरुष, कोपऱ्यावरचा शिंपी पुरुष, इस्त्रीवाला पुरुष. पगार मिळाला की ते पुरुषाचे काम आणि फुकट असले की बाईचे! हा कुठला न्याय?" यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली त्यांनी उचलली.

आता आम्ही काय बदलले ते सांगते. यातले जमेल ते आपल्या घरी करून बघा.

पहिली गोष्ट ताटाची. रात्री सर्वांनी एकदमच बसायचे. भाकरी-चपात्या आधी करून ठेवायच्या. थोड्या गार झाल्या तरी चालतील, पण "गरम गरम वाढते" म्हणून कोणी चुलीपाशी अडकून पडायचे नाही. डाळ-भाजी पातेल्यातून आधी पाच ताटांत वाटून घ्यायची, उरलेली मग ज्याला हवी त्याला. मटणाच्या दिवशी कलेजी आणि चांगले तुकडे कोणाच्या ताटात जातात, हे आपापल्या घरी जरा आठवून बघा. ज्या मुलीची पाळी सुरू झाली आहे तिला रक्त वाढवणाऱ्या अन्नाची गरज जास्त असते, आणि तिच्याच वाट्याला रस्सा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दहा मुलींत सहा! हा केवळ गरिबीचा प्रश्न असता तर त्याच घरातल्या मुलांनाही तो तेवढाच असता. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

खर्च न वाढवता करण्यासारखे पुष्कळ आहे. मटकी, मूग, चवळी रात्री भिजवायची, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड येतात. पालेभाजी, मोडाची उसळ, डाळ यांतले लोह अंगी लागायला आंबट लागते. म्हणून जेवताना लिंबाची फोड पिळायची. जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या चहा घ्यायचा नाही, तासभर जाऊ द्यायचा. चहाने अन्नातले लोह वाया जाते. अंडी, मटण, सुकट यांतले लोह तर चटकन लागू पडते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली मळमळते म्हणून दप्तरात ठेवून देतात. माझ्या मुलीच्या दप्तरातही चार सापडल्या. जेवण झाल्यावर घेतली तर त्रास कमी होतो. मात्र रक्त फार कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यायलाच हवे, नुसत्या पालेभाजीवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. पाणी भरणे आणि रात्रीची भांडी मुलाकडे. त्याने पहिल्या आठवड्यात दोन कपबशा फोडल्या. फुटू दिल्या. यांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळची भाजी आणि डबे त्यांच्याकडे, पहिली पाळी असेल तेव्हा बाजार आणि संध्याकाळचा कुकर. कणीक ज्याला वेळ असेल त्याने मळायची. रविवारी सकाळी तासभर सगळ्यांनी मिळून आठवड्याची तयारी करायची. लसूण सोलणे, शेंगदाण्याचे कूट, सुक्या खोबऱ्याचे वाटण, पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळणे. धाकटी सहा वर्षांची, पण तीसुद्धा लसूण सोलते. मुलीकडे आता केर आणि स्वतःचे कपडे एवढेच.

तिसरी गोष्ट शिवणाची. याबाबतीत मला स्वतःलाच बदलावे लागले. माझे वडील मुंबईत गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. आईने हातमशीनवर शिवणकाम करून आम्हाला वाढवले. तिच्या जुन्या साड्यांचे फ्रॉक घालून मी शाळेत गेले. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ आणि नीटनेटके राहायला सांगितले होते. आई ते पाळत असे. कपडा जुना असला तरी धुतलेला आणि एकही टाका न उसवलेला! त्यामुळे घरी शिवलेल्या कपड्याबद्दल मला फार अभिमान. धाकटीचे कपडे मी घरीच शिवायची आणि तुरपाई, काज-बटणे मधलीकडे द्यायची. रात्री दहानंतर, भांडी झाल्यावर! हे १६० मिनिटांत होते.

मग मी शिवणाचाही हिशेब मांडला. आज बाजारात साधा तयार फ्रॉक स्वस्त मिळतो. नवीन कापड आणून, झालर-लेस लावून घरी शिवला तर पैसे फारसे वाचत नाहीत, आणि वेळ जातो तो वेगळाच. घरी कापड पडून असेल, रोजचा साधा कपडा असेल, तरच घरचे शिवण परवडते. मुलीच्या झोपेतून वाचवलेले पैसे ही बचत नव्हे, ते कर्ज आहे.

तेव्हापासून घरात घालायचे फ्रॉक, पेटीकोट, चड्ड्या एवढेच शिवते, तेही रविवारी दुपारी. पद्धत सोपी आहे. जुनी सुती साडी उजेडासमोर धरून बघायची, जिथे विरली असेल तो भाग सोडायचा. बहुतेक निऱ्यांच्या खालचा भाग झिजलेला आणि पदराकडचा धड असतो. नवे सुती कापड असेल तर बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते. मुलाला नीट बसणारा कपडा वर्तमानपत्रावर पसरून त्याचे माप काढायचे. कडेला शिवणीसाठी अर्धा इंच, बगलेखाली एक इंच आणि खाली तीन इंच दुमड जादा ठेवायची. पुढच्या वर्षी टीप उसवली की तोच फ्रॉक पुन्हा होतो. गळा आधी लहानच कापावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. लहान मुलांच्या रोजच्या कपड्यांना नायलॉन, पॉलिएस्टर वापरू नये. पेटल्यावर ते वितळून कातडीला चिकटते. सुती कपडाही पेटतोच, म्हणून स्टोव्ह-शेगडीजवळ घेरदार, लोंबता कपडा नको.

काज-बटणे आता मुलगा लावतो. पहिले बटण त्याने उलट्या बाजूला लावले, आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण आता मित्राच्या शर्टाचे बटण तुटले तर तोच लावून देतो.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. गावाहून सासूबाई आल्या की मुलाच्या हातातली भांडी काढून घेतात आणि नातीला हाक मारतात. "आजी, आज दादाची पाळी आहे," असे धाकटी त्यांना सांगते. यांनाही मधूनच अचानक कंटाळा येतो. जानेवारीत पुन्हा आठ दिवस वही लिहिली. मी २००, मुलगी ६०, हे ११०, मुलगा ९५. शंभरातली छप्पन्न अजूनही आमच्याकडेच आहेत. पण एकूण कामच ४० मिनिटांनी कमी झाले, कारण चार जणांना काम करावे लागले की बिनकामाचे काम आपोआप गळते.

त्याच महिन्यात मुलीचे रक्त पुन्हा तपासले. सहा महिने औषध चालू होते. ११.४ निघाले. अजून बाराला कमी आहे. पण ती आता साडेनऊला झोपते आणि संध्याकाळी खेळायला जाते. एके दिवशी घरी आले तर ती जेवायला बसली होती, आणि आम्ही कोणी बसलो नव्हतो. मला बघून दचकली, उठू लागली. मी म्हटले, "बस, बस. भूक लागली ना? मग जेव."

भगिनींनो, आणि विशेषतः बंधूंनो, एक वही आणा. आठ दिवस लिहा. कोणाला दोष देण्यासाठी नको, फक्त खरे खरे लिहा. घरात शेवटचे कोण जेवते आणि शेवटचे कोण झोपते, एवढ्या दोन नोंदी केल्या तरी पुरे. पुढचे काय करायचे ते ती वहीच सांगेल.

जयभीम.