चिंध्यांचा भाव



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला आणि राब भाजायला अजून अवकाश असला की आमच्या आटगावात गोधड्यांचे दिवस येतात. दुपारची भांडी घासून झाली की आम्ही आठ-दहा जणी विहाराच्या ओट्यावर जमतो. आमच्यात कुणी शेतमजुरीला जाणारी आहे, कुणी कंपनीत पाळीने काम करणारी, तर कुणी सकाळच्या लोकलने कल्याणला भाजी घेऊन जाणारी. ज्या दिवशी जिला जमेल ती येते. हजेरीचे पुस्तक नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. सुई आपापली आणि दोरा सगळ्यांचा, एवढाच आमच्या गटाचा नियम.

गोधडी शिवणे हे काय काम, असे पुष्कळांना वाटते. पण ते एकटीचे काम नव्हे. एका नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे करायचे. दोन जोडले की वरची बाजू होते, दोन जोडले की खालची. मधल्या थरांसाठी जुनी धोतरे, विटलेल्या चादरी, फाटके सदरे घ्यायचे. त्यांची शिवण उसवायची, गुंड्या आणि हुक काढायचे आणि सुरकुती राहणार नाही असे पसरायचे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून आधी लांब कच्चे टाके घालायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून ओळीमागे ओळ घालत मध्यापर्यंत यायचे. चौघी चार बाजूंना बसल्या तर कापड सारखे ताणले जाते. एकटीने शिवली तर ते एका अंगाला ओढले जाते आणि गोधडी वाकडी होते.

हल्ली सुती लुगडी मिळणे कठीण झाले आहे. नायलॉन-पॉलिएस्टरची पातळे धुवायला सोपी, पण ती घाम शोषत नाहीत आणि गोधडीत त्यांचे थर सरकतात. दुसरी अडचण पाण्याची. कापड स्वच्छ धुतल्याशिवाय आम्ही त्याला सुई लावत नाही. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ साली बांधून झाला, तो आमच्याच शहापूर तालुक्यात. भातसा धरणही इथलेच. तरी वैशाखात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून धुण्याचे काम आम्ही माघातच उरकून घेतो.

या ओट्यावर आम्हाला काय मिळते, असे कुणी विचारले तर एक प्रसंग सांगतो. शिवताना सगळ्यांची नजर खाली गोधडीवर असते, एकमेकींच्या तोंडाकडे कुणी पाहत नाही. म्हणून की काय, जे समोर बसून बोलवत नाही ते इथे बोलले जाते. आमच्यातल्या एका सूनबाईने तिसऱ्या दुपारी टाके घालता घालता सांगितले, की दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे, पण घरी विचारायची हिंमत होत नाही. कुणी उपदेश केला नाही. चौथ्या दुपारी आम्ही तिच्या सासूबाईंनाच बोलावून तिच्या शेजारी बसवले आणि ओळ पुढे चालू ठेवली. ओळ संपेपर्यंत फॉर्मचा विषय निघाला होता आणि मिटलाही होता. सूनबाई पास झाली. सासूबाई आता आमच्या गटात आहेत.

पण या कामात सगळेच गोड नाही. आपल्या घरांतून गोधडीची लाज वाटते, हे कबूल केले पाहिजे. मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटले की गोधड्या पत्र्याच्या पेटीमागे ढकलल्या जातात आणि विकतचे ब्लँकेट पलंगावर येते. आजीची लुगडी बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतले जाते. ही लाज कुठून आली, ते आम्हाला गेल्या वर्षी कळले.

एक मुलगी आपल्या वारलेल्या आईची चार लुगडी घेऊन आली. ‘आईची गोधडी करून द्या, मला पांघरायला हवी,’ म्हणाली. आमच्यातली सर्वांत वयस्कर आजी, जिचा टाका पाहून आम्ही सगळ्या शिकलो, तिने हातातली सुई खाली ठेवली.

‘मेल्याचं कापड आमच्या वाडवडलांनी लई पांघरलं. आता मी त्याला सुई लावायची नाही,’ आजी म्हणाली.

ओटा गप्प झाला. तरुण मुलींना त्याचा अर्थ कळेना, तेव्हा आजीनेच सांगितले. गावकीच्या कामात मेलेले ढोर ओढायचे, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव धावायचे, आणि त्याबदली मिळणाऱ्या ‘हक्कां’त प्रेतावरचे कापडही मोजायचे. ते घरी आणून धुवायचे आणि पोरांच्या अंगावर घालायचे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे लिहिले आहे. म्हणजे ही केवळ गरिबी नव्हती, तो नियम होता. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, हे समजावून सांगितले. अंगावरचे कापड ही साधी गोष्ट नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मुलगी रडवेली झाली होती. एक वहिनी हळूच म्हणाली, ‘आजी, ते कापड लादलेलं होतं. हे लेक आपल्या आईचं मागतेय.’

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुम्ही शिवा. मी अडवायची नाही. पण माझा टाका नाही.’

आम्ही तिचे म्हणणे मान्य केले. त्या गोधडीला आजीचा एकही टाका नाही. पुढच्या चारही दुपारी ती आली आणि भिंतीला टेकून बसली. ‘ओळ वाकडी चाललीय,’ एवढे मात्र दहादा सांगत राहिली. तिचे चुकले असे आम्हाला आजही वाटत नाही, आणि त्या मुलीचेही नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली. कापड जुने की नवे याला महत्त्व थोडे. ते कुणी कुणावर लादले की कुणी आपल्या इच्छेने निवडले, हे पाहायचे. भगवंतांच्या संघात भिक्खू स्मशानातले आणि उकिरड्यावरचे टाकलेले कापड वेचून, धुऊन, त्याचे चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणत. कापड तेच टाकलेले, पण ते घेणारा स्वतःच्या मर्जीने घेत होता. चीवराची शिवणही तुकड्यांचीच असते. मगध देशातली बांध घातलेली भाताची शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तसे चीवर करायला सांगितले, असे विनयपिटकात आहे. आमच्या खाचरांकडे पाहिले की ही गोष्ट पटते. वर्षावास संपल्यावरचे कठिन चीवर तर एका दिवसात पुरे करावे लागते, म्हणून ते कापायला, शिवायला, रंगवायला थोरामोठ्या भिक्खूंनीही हात लावायचा असतो. चौघींनी मिळून शिवण्याची रीत आमच्या ओट्यावरचीच नाही, हे वाचून आम्हाला बळ आले.

आता भावाची गोष्ट. आमच्या गोधड्या पाहून मुंबईचा एक व्यापारी आला. वळून-वळून टाके पाहिले, ‘सुंदर आहे’ म्हणाला, आणि जो भाव सांगितला त्यात दोऱ्याचे पैसे जेमतेम निघाले असते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, ‘जुन्याच तर चिंध्या आहेत. त्यांचे कसले पैसे?’

आम्ही ओट्यावर हिशेब मांडला. त्या गोधडीला चौघी पाच दुपारी बसल्या. म्हणजे वीस दुपारी झाल्या. दोन दुपारींचा एक रोज धरला तरी दहा रोज झाले. धुणे आणि उसवणे वेगळेच. रोजगार हमीवर माती उचलली तर रोजाचा हिशेब होतो. मग सुई धरली तर का नको? आम्ही दहा रोजांचा भाव सांगितला. व्यापारी हसला आणि पुढची लोकल पकडून निघून गेला.

त्यानंतर तीन महिने एकही गोधडी विकली गेली नाही. घरात पैशाची नड होती. आमच्यातली एक जण रागावली आणि म्हणाली, ‘ताठ्याने पोराची फी भरली जात नाही.’ तिचे खोटे नव्हते. तिने आपली एकटीची गोधडी कमी भावात विकली. त्यावरून दोन दुपारी ओट्यावर अबोला होता. शेवटी असे ठरले, की जी आपल्या घरी एकटीने शिवेल तिने तिचा भाव ठरवावा, तिला कुणी बोल लावायचा नाही. जी गोधडी ओट्यावर सगळ्यांच्या हाताने होईल तिचा भाव मात्र रोजाच्या हिशेबाने, आणि पैसे बसलेल्या दुपारींप्रमाणे वाटायचे. पुढे आमच्या भावाने दोनच गोधड्या गेल्या. उरलेल्या आमच्याच घरी पांघरल्या आहेत.

हा भावाचा प्रश्न आमच्यापुरता नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा लढा आपल्या वाचकांना परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. त्याच अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे गाव आहे. गुलामांच्या वंशजांचे हे गाव. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या पँटी आणि सदऱ्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. १९६० नंतर गावकरी मतदार यादीत नाव घालायला तालुक्याला जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली नदीवरची होडीच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. पण बायका थांबल्या नाहीत. १९६६ साली त्यांनी आसपासच्या बायकांना घेऊन ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली टपालाच्या तिकिटांवर छापल्या गेल्या. एवढा मान मिळूनही, गोधड्यांच्या पैशात आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून काही जणी २००७ साली न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. भिंतीवर लावणारे भेटले तरी हिशेब आपल्यालाच मागावा लागतो, हे आम्ही त्यातून घेतले.

भगिनींनो, आपापल्या वस्तीत असा ओटा सुरू करायला पैसा लागत नाही. चौघी पुरे आहेत. बोहारीण दारात आली तर नायलॉनची पातळे खुशाल द्या, सुती लुगडे मात्र ठेवा. कापड धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच शिवायला घ्या. दुपारी किती झाल्या ते पहिल्या दिवसापासून वहीत मांडा. ते काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या, म्हणजे तिचा हिशेबही पक्का होईल आणि आईच्या कामाची किंमतही तिला कळेल. आणि घरी पाहुणे आले तर गोधडी पेटीमागे ढकलू नका. पलंगावर घाला.

यंदा आमची पहिली गोधडी पसरून झाली आहे. आजीने वरच्या कोपऱ्यातून पहिली ओळ धरली आहे. आटगाव स्टेशनला कधी उतरलात तर ओट्यावर या. सुई मात्र आपली आणा.